रास्पबेरीची कापलेली ओळ

आधी तिचं सांगते. तिला बाजूला ठेवून पुढचं सांगितलं, तर सगळं मी माझ्या हिमतीवर केलं असं वाटेल, आणि ते खरं नाही.

ती हैतीची. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी, उंच, डोक्याला कायम रंगीत रुमाल. मॉन्ट्रियलजवळच्या एका शाळेत, फळझाडं आणि रोपवाटिकेच्या वर्गात, ती माझ्या डाव्या हाताला बसायची. पहिल्या आठवड्यात तिनं माझ्या वहीत फावड्याचं चित्र काढलं आणि खाली फ्रेंच नाव लिहिलं. मग दंताळ्याचं. मग छाटणीच्या कात्रीचं. असं करत करत अर्धी वही तिच्या चित्रांनी भरली. मास्तर फळ्यावर भराभर लिहून पुसायचे. माझं उतरवून झालेलं नसलं की ती आपली वही न बोलता माझ्याकडे सरकवायची. तिची सहा वर्षांची मुलगी होती, तिला शाळेतून आणायची घाई असायची, तरी बसस्टॉपवर उभं राहून ती मला दिवसभराचा धडा पुन्हा सांगायची, हळू, लहान मुलाला सांगावं तसा. मला ती ‘शेरी’ म्हणायची, म्हणजे लाडके. मी तिला मनातल्या मनात ताई म्हणायचे. तोंडानं कधी म्हटलं नाही, आता वाटतं म्हणायला हवं होतं.

हिच्याशी मी जे वागले ते सांगायला बसले आहे.

मी निर्मळ गावची. आमची केळीची वाडी आहे, थोडी मोगऱ्याची झाडं, पावसाळ्यात भात आणि काकडी-शिराळी. आठवीत होते तेव्हा आई अंथरुणाला खिळली. तिचं करायला, स्वयंपाकाला आणि वाडीत बाच्या हाताखाली कोणीतरी लागणारच होतं, आणि घरात मीच होते. “दोन महिने जाऊ नको शाळेत,” बा म्हणाला. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. आई गेली, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली दहावीला बसत होत्या. पुढे एकोणिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून मी घरी बसून दहावी दिली आणि कशीबशी सुटले. पण वर्गात बसायची सवय गेली ती गेलीच. कुणी फळ्याकडे बोट दाखवलं की मी खाली वहीत बघते, अजूनही.

तसं पाहिलं तर शाळेतली मराठीसुद्धा आमच्या घरची नव्हती. घरी आमची बोली, शाळेत बाईंची मराठी, बाजारात हिंदी. त्यामुळे न कळणं मला नवीन नव्हतं. न कळल्याचं लपवणंही नवीन नव्हतं. आमच्या वर्गात बाई विचारायच्या, “कळलं का?” आणि साठ मुलं एका सुरात ओरडायची, “होऽऽ!” ‘नाही’ असं उत्तर मी तरी कधी ऐकलं नाही. बाई एवढ्या घसा फोडून शिकवतात आणि त्यांना तोंडावर ‘नाही कळलं’ म्हणायचं म्हणजे उद्धटपणाच. मी ‘हो’ म्हणण्यात सगळ्यात पुढे.

लग्न झालं नायगावच्या मुलाशी. तो तिकडे मॉन्ट्रियलला गाड्यांना रंग मारायच्या कारखान्यात होता. मी पोचले, नवीन आलेल्यांसाठीच्या भाषेच्या वर्गात आठ महिने बसले, आणि मग त्यानंच त्या कोर्सचा कागद आणला.

“झाडांचा कोर्स आहे. तुझ्याहून जास्त झाडांतलं कोणाला कळतंय तिथे?”

“फ्रेंचमध्ये आहे.”

“झाडं कुठे फ्रेंच बोलतात? ऐक माझं, भर फॉर्म. घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं.”

फॉर्म भरला. दहावीचं प्रमाणपत्र चाललं. मला घेतलं, पण मास्तरांनी पहिल्याच दिवशी वेगळं बोलावून सांगितलं, आणि ते मी नवऱ्याला फोन लावून त्याच्याकडून नीट समजून घेतलं: नाताळाच्या सुट्टीपर्यंत बघू. तोवर वर्गातलं फ्रेंच झेपलं तर पुढे चालू, नाही तर परत भाषेच्या वर्गात, आणि इथली जागा दुसऱ्याला. पुन्हा अर्ज करायचा तर एक वर्ष थांबून.

मला दुसऱ्यांदा शाळा सोडायची नव्हती. बस, एवढंच डोक्यात होतं. पहिल्यांदा सुटली ती परिस्थितीनं सुटली, आता सुटली तर माझ्या डोक्याच्या दोषानं सुटेल आणि ते सगळ्यांना दिसेल. बाला मी फोनवर सांगितलं होतं, “कॉलेजात जाते.” तो निर्मळच्या चर्चबाहेर रविवारच्या मिस्सेनंतर भेटेल त्याला सांगत होता.

भाषेच्या वर्गात बाई सावकाश बोलायच्या, चित्रं दाखवायच्या, हसायच्या. इथे मास्तर मातीबद्दल, मुळांबद्दल, रोगांबद्दल बोलत सुटायचे आणि मध्येच एखादा विनोद करायचे. सगळे हसले की मीही हसायचे, अर्धा क्षण उशिरा. पहिले काही दिवस मला बोलण्यात शब्दच वेगळे करता येईनात. नळ सोडावा तसा सगळा आवाज नुसता वाहायचा. दोन तासांनी कान तापायचे. मास्तर मध्ये मध्ये थांबून विचारायचे, “कॉम्प्री?” म्हणजे कळलं? आणि माझी मान आपोआप हलायची. “वी, वी.” हो, हो.

ताईनं हे आठवडाभरात ओळखलं.

“तू सगळ्याला हो म्हणतेस,” एकदा डबा खाताना ती म्हणाली. मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, ते तेव्हा मला तुकड्यातुकड्यानं कळलं होतं. “उद्या कोणी विचारलं, तुझा नवरा मला देतेस का, तरी म्हणशील, वी.”

“घेऊन जा,” मी म्हटलं. एवढं मला यायचं.

ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे बघायला लागले. मग माझा चेहरा धरून म्हणाली, “नाही कळलं तर नाही म्हणायचं. मला तरी सांगायचं.” मी मान हलवली. वी.

ऑक्टोबरात मास्तरांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि शाळेच्या मळ्यातली एकेक ओळ प्रत्येक जोडीला नेमून दिली. आमच्याकडे रास्पबेरी आली. लालचुटुक, टोपीसारखं पोकळ फळ, काटेरी काठ्यांवर येतं. आमची ओळ साधी नव्हती. मास्तर ती जात तीन वर्षं जपत होते. तिच्या काठ्यांना शेंड्याकडे शरदात फळ येतं, आणि त्याच काठीला खालच्या भागात पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा येतं. म्हणून फळ संपलं की नुसता शेंडा उडवायचा, खालची काठी ठेवायची. हे मास्तरांनी ओळीपाशी उभं राहून सांगितलं. हातानं दाखवलंही असेल, पण माझ्या पुढे एक उंच मुलगा उभा होता. त्यांनी विचारलं, “कॉम्प्री?” मी मान हलवली. नंतर ताईनं विचारलं, “कळलं ना? नक्की?” मी तिलाही हलवली. त्या दिवशी मी तिला चार वेळा आधीच ‘नाही’ म्हटलं होतं, पाचव्यांदा लाज वाटली.

नोव्हेंबर लागला. छाटणीच्या दिवशी सकाळी ताईला मुलीच्या शाळेतून फोन आला, मुलीला ताप भरला होता. ती जाताना म्हणाली, “सुरू कर, मी दोन तासांत येते.” मी कात्री घेतली आणि सुरू केलं.

आता मी काय केलं ते आमच्याकडच्या कोणालाही लगेच कळेल. केळीचं झाड एकदाच वितं. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, उतरवला की ते झाड संपलं. मग ते उभं ठेवायचं नाही, बुंध्यातून तोडायचं, म्हणजे बाजूच्या पिल्लाला जोर मिळतो. मी दहा वर्षांची असल्यापासून बाबरोबर हे केलंय. फळ दिलेलं झाड उभं दिसलं की माझा हात शिवशिवतो. बा म्हणायचा, “दिलं त्यानं द्यायचं ते. आता मोकळं कर.” मी प्रत्येक काठी बघितली. शेंड्याला सुकलेल्या फळांचे देठ होते, म्हणजे हिनं फळ दिलंय. जमिनीलगत कापली. पुढची बघितली. हिनंही दिलंय. कापली. बाजूला बोटबोटभर नवे कोंब जमिनीतून डोकावत होते, ते मी जपून ठेवले. पिल्लं होती ना ती. किती छान काम चाललंय असं मला वाटत होतं. खरंच सांगते, त्या शाळेत आल्यापासून पहिल्यांदा मला कुणाला न विचारता काहीतरी येत होतं. वाकून, एका तालात, अख्खी ओळ मी दोन तासांत साफ केली आणि कापलेल्या काठ्यांच्या मोळ्यासुद्धा बांधल्या.

ताई परत आली. ओळीच्या टोकाशी उभी राहिली. मी कौतुकाची वाट बघत होते. ती खाली बसली, एक बुंधा बोटानं चाचपला, मग माझ्याकडे बघून एकच शब्द बोलली.

“केळ?”

मी म्हटलं, “वी.” आनंदानं म्हटलं. मग तिचा चेहरा बघितला.

तिच्या गावीही केळी होत्या. तिलाही लहानपणापासून तेच माहीत होतं, म्हणून बघताक्षणी तिला माझा हात ओळखता आला. त्या वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही ओळखता आला नसता. तिनं मला बसल्या बसल्या समजावलं, काठीवर बोटानं दाखवत: हा शेंडा गेला असता तर चाललं असतं, हे खालचं उन्हाळ्याचं फळ होतं. मला सगळं कळलं. मास्तरांची तीन वर्षं मी मोळ्यांत बांधून ठेवली होती.

मास्तर आले. शांत माणूस होता तो, ओरडणारा नव्हता. त्यांनी ओळीकडे बघितलं, मोळ्यांकडे बघितलं, आणि विचारलं, “हे कोणी कापलं?”

फ्रेंच माझ्या कानात नेहमी उशिरा पोचायचं. आधी आवाज, मग शब्द, मग अर्थ. हे वाक्य तसं आलं नाही. ते थेट कळलं, बानं विचारल्यासारखं. आणि उत्तर एका शब्दाचं होतं, ‘मुआ’, म्हणजे मी. पहिल्या धड्यातला शब्द.

माझी जीभ उचलली नाही. डोळ्यांपुढे नाताळची सुट्टी आली, भाषेचा वर्ग आला, चर्चबाहेर उभा असलेला बा आला.

“मुआ,” ताई म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. “तू?”

“आमच्याकडे केळी अशाच कापतात,” ती म्हणाली. “हात सवयीनं गेला. माफ करा.”

त्यात खोटं असं फक्त एकच होतं, की हात तिचा नव्हता. मास्तरांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

बसस्टॉपवर मी रडायला लागले. तिनं रुमाल दिला.

“तुला काढून टाकलं असतं,” ती म्हणाली. “मला काय करतील? थोडं रागावतील. मी रागावून घेते. सासूनं पुष्कळ सराव दिलाय.”

मी हसले. अशा वेळी हसले. आणि मनातून मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची मला आज जास्त लाज वाटते.

नाताळ झाला. माझी जागा राहिली. मास्तरांनी मला सांगितलं, तुझी प्रगती चांगली आहे. ताईनं मला मिठी मारून जमिनीवरून उचललं.

इथवर झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, एवढंच त्याचं झालं असतं. पण फेब्रुवारीत कामाच्या जागांची यादी लागली. शेवटचे दोन महिने प्रत्येकानं बाहेर कुठेतरी काम करून शिकायचं असतं, आणि जिथे काम चांगलं होईल तिथे बहुतेक नोकरीही लागते. सगळ्यांना हवी होती ती एक फळझाडांची रोपवाटिका. मालक मास्तरांचा जुना ओळखीचा, दरवर्षी एकालाच घ्यायचा. ताईच्या घरापासून ती बसनं वीस मिनिटांवर होती. तिथून ती मुलीला शाळेत सोडून वेळेवर कामाला पोचू शकत होती. वर्गात सगळे धरूनच चालले होते की ती जागा तिची. कलम बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

यादीत त्या रोपवाटिकेपुढे माझं नाव होतं.

मास्तरांनी कारण लपवलं नाही. सगळ्यांसमोर नाही, पण मी शेजारी उभी असताना त्यांनी तिला सांगितलं: “तुझं काम उत्तम आहे. पण तो माणूस छाटणीला माणूस मागतो. आणि छाटणीत तू एक अख्खी ओळ...” पुढचं ते बोललेच नाहीत. तिला बटाटे निवडायच्या एका शेडमध्ये जागा मिळाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून.

तोवर मला फ्रेंच येत होतं, हे लिहून ठेवायलाच हवं. नोव्हेंबरात माझ्याकडे एक शब्द होता आणि तो निघाला नाही. फेब्रुवारीत माझ्याकडे अख्खी वाक्यं होती. ‘ती ओळ मी कापली होती’ हे मी मनात तीन प्रकारे म्हणून बघितलं, तिन्ही बरोबर होती. मास्तर दाराकडे गेले, दार उघडलं, थांबून कुणाशी तरी बोलले. वेळ भरपूर होता.

मी ताईला म्हटलं, “मी जाऊन सांगते त्यांना.”

ती म्हणाली, “काय सांगतेस आता? मग मी खोटं बोलले असंही सांगशील. दोघींची जाईल. घे ती जागा. तू तरी जा.”

मी थोडा वाद घातला. थोडाच. तिचं म्हणणं मला सोयीचं होतं, म्हणून पटलं.

मी अजून त्याच रोपवाटिकेत आहे. मालक मला मान देतो, नव्या मुलांना छाटणी मी शिकवते. शिकवताना “कॉम्प्री?” असं विचारत नाही, कात्री त्यांच्या हातात देते आणि म्हणते, करून दाखव. ताई अजून त्या शेडमध्ये आहे. थंडीत बटाटे, उन्हाळ्यात गाजरं. तिची बोटं सुजतात. कधी फोन केला की ती आधी माझ्या झाडांची चौकशी करते आणि मग म्हणते, “माझ्या बटाट्यांना पानं नसतात, शेरी, फक्त डोळे असतात.” मी हसते. फोन ठेवते. पुढचा फोन करायला मला महिना लागतो. मास्तर निवृत्त झाले. त्यांना मी सांगितलं नाही ते नाहीच.

सध्या तीन आठवड्यांसाठी निर्मळला आले आहे. परवा वाडीत बा केळ तोडत होता आणि मी बावखलाच्या काठावर, आमच्या त्या शिंपण्याच्या तळ्याशी, पाय सोडून बसले होते. त्यानं सहज विचारलं, “ती तुझी मैत्रीण कशी आहे गं? चित्रं काढून द्यायची ती?” आणि मी त्याला सगळं सांगितलं. आजवर नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं होतं.

बानं कोयता खाली ठेवला नाही, ऐकता ऐकता काम चालूच होतं. संपल्यावर म्हणाला, “म्हणजे माझ्यामुळे झालं.”

“तुझ्यामुळे कसं?”

“मीच शिकवलं ना, दिलं की तोडायचं.” मग पुढच्या झाडाकडे वळत, “पण तोंड उघडायचं मी शिकवलं नव्हतं काय, बाय?”

“मी घाबरले होते, बा.”

“तेव्हा घाबरलीस. आता कोणाला घाबरतेस?”

त्यानं तोडलेल्या केळीची पानं वेगळी केली आणि म्हणाला, “भातलावणीला लोक आपल्याकडे यायचे, आठवतं? किती जण आले, किती दिवस आले, तुझी आई लक्षात ठेवायची, आणि तेवढे दिवस आपण त्यांच्या शेतात लावणीला जायचो. आजारी होती तरी मला पाठवायची. जा, त्यांच्याकडचा आपला एक दिवस राहिलाय म्हणून. ती बाई तुझ्यासाठी शेतात उतरली. तू अजून तिच्या बांधावरसुद्धा गेली नाहीस.”

एवढंच बोलून तो पाणी सोडायला गेला. मी तिथेच बसून राहिले. माझ्या मनात त्याच्यासाठी थोडा रागही होता, इतक्या सरळ बोलल्याबद्दल.

पुढच्या शनिवारी माझं विमान आहे. वसंतात आमच्या मालकाला दरवर्षी कलमांसाठी माणूस लागतो. त्याच्यासमोर उभं राहून सांगण्याची हिंमत मला परत गेल्या गेल्याच होईल, असं मी म्हणत नाही. मी स्वतःला ओळखते. कदाचित या वसंतात नाही, पुढच्या. पण सांगेन. ती ओळ कोणी कापली, जागा कोणाची होती आणि कोणी घेतली, हे मी त्याला ताईला शेजारी उभं करून सांगेन, आणि तिच्या हातात कलमाचा चाकू देऊन म्हणेन, बघा हिचं काम. तो मला काढेल तर काढो. तिला घेतलं म्हणजे झालं. आणि नाही घेतलं, तर दुसरी रोपवाटिका, तिसरी, जिथे कुठे तिला झाडांत उभं राहता येईल तिथे मी तिच्याबरोबर जाईन आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगेन. ताई, तुझा दिवस माझ्याकडे राहिला आहे. तो मी फेडणार.